अडीच मैलांचा जुगार

मार्चअखेरीला एच-वनच्या लॉटरीचा निकाल लागला. माझं नाव सलग दुसऱ्या वर्षी आलं नाही. माझ्याबरोबरच ऑनसाइट आलेल्या, शेजारच्याच डेस्कवर बसणाऱ्या मित्राचं आलं. त्याला पार्टी मागितली, त्याने ती दिलीही, आणि विषय संपला. म्हणजे मला तरी तसं वाटलं होतं.

मग एप्रिलमध्ये आमच्या टीममधल्या एका अमेरिकन काकांनी (तीस वर्षं डेटाबेस सांभाळतायत, त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणतो) जेवताना टॅलाडेगाच्या रेसचा विषय काढला. आम्ही आहोत शार्लटला. पुण्याच्या ऑफिसात सोमवारी जसं क्रिकेट चालतं तसं इथे नॅसकार चालतं. मी आपलं सहज म्हणून गेलो, "त्यात काय कौशल्य? चाळीस गाड्या डावीकडे वळत राहतात, शेवटी पंचवीस एकमेकांवर आदळतात, उरलेल्यांतला एक जिंकतो. लॉटरीच ती." काका रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग अर्नहार्ट तिथे दहा वेळा कसा जिंकला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की शनिवार-रविवार वाया जातो ही जुनी सवय. तेव्हा मंडळी, हा लेख म्हणजे त्या वाया गेलेल्या (खरं तर तीन) वीकेंडांचा हिशेब.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. स्टॉक कार म्हणजे दिसायला साधी सेदान, आतून पूर्ण वेगळं यंत्र. ती लंबगोल ट्रॅकवर पळवायची. त्यातले दोन ट्रॅक जगावेगळे. फ्लोरिडातलं डेटोना अडीच मैलांचं, म्हणजे चार किलोमीटर. अलाबामातलं टॅलाडेगा २.६६ मैलांचं. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो, डेटोनाला ३१ अंश आणि टॅलाडेगाला ३३. आकड्यावरून कल्पना येत नाही. इथल्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये जुन्या गाड्या एका रॅम्पवर मांडल्यात, तो सपाट सुरू होतो आणि शेवटी ३३ अंशांवर जातो. त्या टोकाजवळ उभं राहिलो तेव्हा कळलं की हा रस्ता नाही, ही भिंत आहे. या उतारामुळे वळणावर गाडी हळू करावी लागत नाही. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेलाच. म्हणजे इतर ट्रॅकवर जे कौशल्य लागतं, कुठे ब्रेक मारायचा, कुठे सोडायचा, ते इथे जवळजवळ बाद. माझं 'लॉटरी' म्हणणं अगदीच मूर्खपणाचं नव्हतं तर!

पण मग उरतं काय? उरते हवा.

डेटोना १९५९ साली बिल फ्रान्सने बांधलं. पहिल्याच डेटोना ५०० चा शेवट असा की ली पेटी आणि जॉनी बोशॅम्प रेषेवर अगदी बरोबरीने आले. आधी बोशॅम्पला विजेता जाहीर केलं, आणि फोटो, न्यूजरीळ तपासून तीन दिवसांनी पेटीला. तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं की एवढ्या वेगात गाडीभोवतीची हवा नेमकं काय करते. ते कळलं दुसऱ्या वर्षी, ज्युनिअर जॉन्सनला. हा माणूस एका कादंबरीचा ऐवज आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीचा, घरचा धंदा हातभट्टीचा, रात्री दारू भरलेली गाडी पोलिसांच्या पुढे पळवण्यात हयात गेलेली. तुरुंगातही जाऊन आलेला. १९६० ला त्याच्याकडे होती वर्षभर जुनी शेवरले, आणि समोर कितीतरी वेगवान पाँटिॲक. सराव करताना त्याच्या लक्षात आलं की एकटा असताना आपण मागे पडतो, पण पाँटिॲकच्या अगदी बुडाला चिकटलो की तिच्याइतक्याच वेगाने जातो. पुढची गाडी हवा फाडते, तिच्यामागे पोकळी तयार होते, मागच्याला विरोध कमी. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर ट्रकच्या मागे बाइक लावणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे (आणि आईला कळलं तर काय होतं तेही!). यालाच पुढे ड्राफ्टिंग म्हणू लागले. गंमत म्हणजे पुढच्या गाडीलाही फायदा होतो, कारण तिला मागे ओढणारी पोकळी मागची गाडी भरून काढते. दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा जोरात जातात.

जॉन्सन ती रेस जिंकला. पण कसा? शेवटच्या टप्प्यात पुढे असलेल्या बॉबी जॉन्सच्या पाँटिॲकची मागची काच हवेच्या दाबाने निखळून उडाली आणि ती गाडी गरगरत बाजूला गेली. आता हे नशीब की कौशल्य? काच निखळणं हे शंभर टक्के नशीब. पण संथ गाडी घेऊन ती निखळेपर्यंत तिथे टिकून राहणं? बाकी संथ गाड्या तोवर कुठल्या कुठे मागे पडल्या होत्या.

१९७६ चा शेवट तर याहून भारी. रिचर्ड पेटी (लीचा मुलगा, एकूण २०० विजय, त्यांतल्या डेटोना ५०० सात) आणि डेव्हिड पिअर्सन शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर एकमेकांवर आदळले. दोघेही भिंतीवर. पेटीची गाडी रेषेच्या थोडी अलीकडे गवतात थांबली आणि परत सुरूच होईना. पिअर्सनने गरगरत असतानाही क्लच दाबून धरला होता, त्यामुळे इंजिन बंद पडलं नाही. फुटक्या गाडीने रिक्षाच्या वेगात रेषा ओलांडून तो जिंकला. १९७९ ला बरोबर उलटं झालं. शेवटच्या लॅपला पुढचे दोघे, डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो, एकमेकांना धडकून बाद झाले, आणि अर्धा लॅप मागे असलेल्या पेटीच्या पदरात विजय पडला. तीच रेस पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर टीव्हीवर थेट दाखवली होती. पेटी जिंकल्यावर गवतात मारामारी जुंपली तीही लोकांनी बघितली.

इथवर माझं मत हलायला लागलं होतं. पण खरा धक्का बसला १९८५ वर आल्यावर.

बिल एलियट, टॅलाडेगा. पात्रता फेरीत ताशी २०९.३९८ मैल. रेसमध्ये तेलाच्या पाइपचा जोड तुटला, पिटमध्ये थांबावं लागलं, जवळजवळ दोन लॅप मागे पडला. आजच्या कुणाही ड्रायव्हरला हे झालं तर त्याने तो दिवस विसरून जावा. एलियटने मात्र ते दोन लॅप पिवळ्या झेंड्याची मदत न घेता, नुसत्या वेगावर भरून काढले आणि रेस जिंकली. दोन लॅप म्हणजे साडेआठ किलोमीटर! अपघाताची, कुणाच्या धक्क्याची वाट बघावी लागली नाही, कारण त्याची गाडी बाकी सगळ्यांपेक्षा वेगवान होती आणि तिला कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं.

१९८७ ला त्यानेच टॅलाडेगाला २१२.८०९ मैलांची पात्रता फेरी काढली, म्हणजे ताशी ३४२ किलोमीटर. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि मोडला न जाण्याचं कारण त्याच रेसमध्ये घडलं. बॉबी ॲलिसनचा टायर फुटला, गाडी उलटी फिरून हवेत उडाली आणि प्रेक्षकांपुढचं कुंपण फाडत गेली. लोक जखमी झाले. गाडी अजून थोडी वर गेली असती तर काय झालं असतं हे सगळ्यांना कळत होतं. (ती रेस जिंकला बॉबीचाच मुलगा डेव्ही. त्याचा पहिला विजय.)

उपाय म्हणून १९८८ पासून या दोन ट्रॅकवर रिस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली. ॲल्युमिनियमचा एक पत्रा, त्याला चार भोकं. कार्ब्युरेटरच्या खाली बसवला की इंजिनला हवा कमी मिळते आणि ताकद एकदम घटते. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची वस्तू ही आहे. उद्देश होता वेग कमी करण्याचा, जीव वाचवण्याचा. पण बाय-प्रॉडक्ट असं की सगळ्या गाड्या सारख्याच झाल्या. पुढे पळून जायला कुणाकडेच ताकद उरली नाही, त्यामुळे तीस-चाळीस गाड्या एकाच पुंजक्यात, हातभर अंतरावर, तीनशेच्या वेगात. एकाचा हात हलला की वीस बाद. या सामूहिक अपघाताला तिकडे चक्क नाव आहे, 'द बिग वन'. २०१९ च्या डेटोना ५०० नंतर प्लेट गेली आणि तिच्या जागी दुसरा निमुळता स्पेसर आला, पण पुंजका राहिला.

म्हणजे बघा, 'नशीब जास्त की कौशल्य' या प्रश्नाला एकच कायमचं उत्तर नाही. १९८५ ला एक उत्तर होतं, १९८८ ला दुसरं. मधे बदलली ती एक कॉन्फिगरेशन फाइल! ड्रायव्हर तेच होते.

आता काकांचा प्रश्न. डेल अर्नहार्ट. टॅलाडेगाला दहा विजय, त्यांतले बरेचसे प्लेट आल्यानंतरचे. डेटोनाला सगळ्या प्रकारच्या शर्यती धरून ३४. आणि तरी डेटोना ५००? फक्त एक. तीही विसाव्या प्रयत्नात. १९८६ ला शेवटचे तीन लॅप उरलेले असताना पेट्रोल संपलं. १९९० ला दोनशेपैकी १५५ लॅप पुढे होता, आणि शेवटच्या लॅपच्या तिसऱ्या वळणावर लोखंडाच्या तुकड्यावरून जाऊन टायर फाटला. जिंकला डेरिक कोप, त्याआधी एकही रेस न जिंकलेला. १९९३ ला शेवटच्या लॅपला डेल जॅरेट पुढे गेला. १९९७ ला गाडी उलटली.

मी एक साधं गणित केलं. समजा इतक्या मोठ्या ड्रायव्हरचीही एका रेसमध्ये जिंकण्याची शक्यता दहात एक आहे. मग लागोपाठ १९ वेळा हरण्याची शक्यता साडेतेरा टक्के येते. म्हणजे सातातल्या एका दिग्गजाच्या बाबतीत असं होणारच. शाप वगैरे काही नाही.

पण खरा पुरावा दुसरीकडे आहे. डेटोना ५०० च्या आधीच्या गुरुवारी त्याच ट्रॅकवर १२५ मैलांच्या दोन पात्रता शर्यती व्हायच्या, प्रत्येकीत निम्म्या गाड्या. १९९० ते १९९९, दरवर्षी, सलग दहा वर्षं अर्नहार्ट आपली शर्यत जिंकला. दहापैकी दहा! तोच ट्रॅक, तोच आठवडा, तेच कौशल्य. फरक फक्त एवढाच की लॅप २०० ऐवजी ५० आणि आजूबाजूला गाड्या निम्म्या. गुरुवारी दहा, रविवारी एक. नशिबाला काम करायला किती वेळ आणि किती माणसं मिळतात त्यावर त्याचा वाटा ठरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

१९९८ ला तो अखेर जिंकला. आदल्या दिवशी व्हीलचेअरवरच्या एका लहान मुलीने त्याला एक पेनी दिली होती, ती त्याने डॅशबोर्डला चिकटवली होती. जिंकल्यावर पिटमध्ये शिरताना सगळ्या टीम्सची माणसं रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाने त्याचा हात हातात घेतला. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. रूममेट म्हणाला, "अरे, तुला यातलं कळतं तरी का?" कळत नव्हतं, पण बघितला.

ऑक्टोबर २००० मध्ये टॅलाडेगाला पाच लॅप उरले असताना तो अठराव्या नंबरावर होता आणि जिंकला. त्याला मागून ढकलत आणणारा केनी वॉलेस दुसरा आला. कोण कुणाच्या मागे लागणार हे कुणाच्या हातात नसतं, पण आपल्या मागे लागलं तर आपण पुढे जाऊ असं दुसऱ्याला वाटायला लावणं हे हातात असतं. तो त्याचा शेवटचा विजय. चार महिन्यांनी, १८ फेब्रुवारी २००१ ला, डेटोना ५०० च्या शेवटच्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर गेली आणि तो गेला. त्या क्षणी तो तिसरा होता, पुढे त्याच्याच टीमचे दोघे, मायकल वॉल्ट्रिप आणि मुलगा डेल ज्युनिअर.

जिंकला वॉल्ट्रिप. ४६३ वी रेस, पहिला विजय. 'बघा, लॉटरी!' असं म्हणायचा मोह होतो. पण पुढे बघा. वॉल्ट्रिप कारकिर्दीत पावणेआठशेच्या वर शर्यती धावला आणि जिंकला चार. चारही डेटोना किंवा टॅलाडेगाला, चारही २००१ ते २००३ मध्ये, त्याच टीमकडून. त्याच काळात टॅलाडेगाला सलग पाच शर्यती याच टीमने जिंकल्या, चार ज्युनिअरने, एक वॉल्ट्रिपने. लॉटरी एकाच घरात पाच वेळा लागत नाही. कौशल्य होतंच, फक्त ते स्टिअरिंगवरच्या हातात जेवढं तेवढंच गॅरेजमध्ये इंजिनातून आणि पत्र्यातून वारा कसा सरकेल हे बघणाऱ्यांच्या हातात होतं. त्यांची नावं मला कुठे दिसली नाहीत. (सपोर्ट टीमचं सगळीकडे सारखंच :) )

उलट बाजूलाही माणसं आहेत. ट्रेव्हर बेन २०११ ला विसावा वाढदिवस साजरा करून दुसऱ्या दिवशी, आपल्या दुसऱ्याच कप रेसमध्ये डेटोना ५०० जिंकला आणि पुन्हा कधीच कप रेस जिंकला नाही. टोनी स्ट्युअर्ट तीनदा चॅम्पियन, त्याला ही रेस कधीच मिळाली नाही. यातून काही सिद्ध करायला गेलं की दुसरं उदाहरण आडवं येतं. २०२१ ला मायकल मॅकडॉवेल ३५८ व्या रेसमध्ये पहिल्यांदा जिंकला, कारण शेवटच्या लॅपला पुढचे दोघे आदळले आणि तो मधून निघाला. तोवर दोनशे लॅप गाडी शाबूत आणली होती, हे मात्र कुणी त्याला फुकट दिलं नव्हतं.

हे सगळं मी सोमवारी काकांना सांगितलं. दहापैकी दहाचा मुद्दा त्यांना माहीत होता, गणित आवडलं. मग म्हणाले, "आणि तुझ्या लॉटरीचं काय?" मी म्हटलं, तिथे ड्राफ्टिंग नसतं. ते हसले, मग गप्प झाले, आणि जेवण संपेपर्यंत दुसऱ्याच विषयावर बोलत राहिले.

टॅलाडेगा इथून गाडीने पाच-सहा तास. तिथे स्टँडमध्ये जितकं वर बसाल तितकं चांगलं, म्हणजे सगळा पुंजका एका नजरेत दिसतो, असं काकांनी सांगितलंय. ऑक्टोबरमध्ये दुसरी रेस असते. मी, रूममेट आणि एच-वनवाला मित्र असे तिघे जायचं म्हणतोय, मी तेव्हा इथे असलो तर.