रबराच्या जागी रेडिओ

ज्वारीची कणसं खुडून, कडबा बांधून झाला की मराठवाड्यातल्या पोरांना खेळणी करायला फुकटचं सामान मिळायचं. धाट सोलायचं, आतला पांढरा गाभा काढायचा, सालीच्या काड्या त्यात खुपसायच्या की बैलगाडी तयार. कुणाच्या डोक्यात आलं तर विमानसुद्धा. तिथल्याच किल्लारी गावच्या शिवारातलं असं विमान उडत नसे, पण त्याची बांधणी बरोबर होती: आत हलकं, वर ताठ. दुसऱ्या महायुद्धातलं 'मॉस्किटो' हे ब्रिटिश विमान याच रीतीनं बांधलेलं होतं. मधे बाल्सा, दोन्ही अंगांना प्लायवूडचे पातळ थर.

बाल्सा हे इक्वेडोरकडचं झाड, आपल्या कापूस, भेंडी आणि काटेसावरीच्याच कुळातलं. वाळलेलं लाकूड पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं जड. पण छोटी विमानं बाल्साच्याही आधीची. अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानं १८७१ मध्ये पॅरिसच्या ट्यूलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं. ते सुमारे ४० मीटर गेलं. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणंही पेनोच्याच कल्पनेवर बेतलेलं होतं. बाल्सा या खेळात रुळला १९२० च्या दशकात. पॉल गिलो या अमेरिकी नौदलातल्या माजी वैमानिकानं १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विमानांच्या किटचा धंदा सुरू केला, तो 'गिलो' नावानं पुढेही चालू राहिला.

किटच्या खोक्यात बाल्साच्या पट्ट्या, फासळ्या, पातळ कागद आणि रबर असे. फासळ्या चिकटवायच्या, वर कागद ताणायचा, त्यावर पाण्याचा फवारा मारला की वाळताना तो आपसूक घट्ट बसतो. मग रबराला पीळ देऊन सोडून द्यायचं. पुढं जायचं कुठं, हे विमान ठरवणार.

त्याला लगाम घालायची धडपड १९३७ मध्ये फळाला आली. अमेरिकेतल्या कॅलमाझू इथं वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचं रेडिओवर चालणारं विमान उडवलं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याचे पंख आठ फुटी होते आणि ते हौसेपोटी नव्हे. रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हचा, बॅटऱ्या जड. विमान दुप्पट लांबीचं केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि रेडिओचं वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून मोठं विमान ते ओझं पेलू शकलं. गिलोच्या दीड फुटी किटवर तोच रेडिओ चढवला असता तर ते जागचं हललं नसतं. या कुळकथेत पंखांनी कुणाला अडवलेलं नाही, अडवलं ते बॅटरीनं.

पुढची काही दशकं जुगाडाची होती, आणि मला तीच सगळ्यात आवडतात. विमानात 'एस्केपमेंट' नावाची खिट्टी असे, आणि ती फिरवायची ताकद पुन्हा पिळलेल्या रबराची! जमिनीवरून बटण एकदा दाबलं की सुकाणू एका बाजूला, दोनदा दाबलं की दुसऱ्या, सोडलं की मधोमध. थोडंसं वळवणं हा प्रकारच नव्हता. ट्रान्झिस्टर आले, १९६० च्या दशकात हाताची कांडी जितकी कलेल तितकं सुकाणू वळवणारे संच आले, तरी छोटी किट रबरावरच राहिली.

त्यांची सुटका केली मोबाइल आणि पेजरनं. पेजर थरथरवणाऱ्या इवल्या मोटरी, लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि २००५ च्या सुमारास आलेले २.४ गिगाहर्ट्झचे संच यांमुळं सगळा रेडिओसंसार काही ग्रॅमांत मावू लागला. आता पूर्वी रबर ताणलेलं असे त्या पोटात वायरी जातात, नाकात मोटर आणि तिच्या मागं बॅटरी. शेपटीचे दोन तुकडे कापून बिजागरीवर हलते करायचे. पंख मुळातच वर उचललेले असल्यानं सुकाणू फिरवलं की विमान आपोआप कलतं, पंखांना वेगळे हलते भाग लावावे लागत नाहीत. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एकतृतीयांश रुंदीवर साधायचा. किटमधलं लाकूड पुष्कळदा जड निघतं. जाणकार ते बाजूला ठेवून हलकं बाल्सा स्वतः कापतात, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडं या छंदाला संस्थेचा आधार मिळाला तो एनसीसीचा. तिची हवाई शाखा १९५० मध्ये मुंबई आणि कोलकाता इथल्या एकेका तुकडीनं सुरू झाली, आणि एरोमॉडेलिंग तिच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. गावाकडच्या मुलांना मात्र आजही सामान शहरातूनच मागवावं लागतं. बाकी सगळं किल्लारीत आहे: रब्बीची ज्वारी निघाल्यावर मोकळी पडलेली रानं, आणि ऊन चढेपर्यंत पडलेली हवा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या यानाला वैमानिक परवाना लागत नाही, हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीही नको. आपलं रान हिरव्या क्षेत्रात येतं का, हे उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहून घ्या. आणि पहिली खरेदी रेडिओची नको. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आधी घ्या.