किंवा अपस्मार

गेल्या दिवाळीत आजीची ट्रंक आवरताना कोर्टाचा एक कागद सापडला. आत्याचं लग्न १९९४ साली रद्द झालं होतं. कारण एका शब्दात: अपस्मार.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. आत्याला फिट आली की कोणी नाकाशी कांदा धरायचं, कोणी चप्पल. आजी आधी दार लावायची आणि बजावायची, "बाहेर कोणाले सांगू नका." गोळ्यांचा डबा पिठाच्या कोठीमागे असायचा.

खरं तर विज्ञानाला ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्या काही वर्षांत बोस्टनच्या संशोधकांनी अपस्माराच्या लहरी त्याच तंत्राने कागदावर उतरवल्या. म्हणजे फिट ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूतल्या विजेचा बिघाड. फिनोबार्बिटल हे औषध तर १९१२ पासून वापरात आहे.

आपल्याकडे १९५१ मध्ये मद्रासला न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. संस्थापक चौघं: जेकब चांडी आणि बी. रामामूर्ती हे न्यूरोसर्जन, बलदेव सिंग आणि एस. टी. नरसिंहन हे न्यूरोलॉजिस्ट. १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी राहिली. तिच्या संस्थापकांत मुंबईच्या केईएमचे डॉ. एडी भरुचा होते, बंगळूरचे डॉ. के. एस. मणी होते.

आता गंमत बघा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेखच नव्हता. तो आला १९७६ च्या दुरुस्तीत. वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत असतील, तर ते लग्न रद्द करून मागता येऊ लागलं. देशात मेंदूतज्ज्ञांची संस्था पंचवीस वर्षांची झालेली, आणि कायदा मात्र मागे गेला. गोळीनं आजार आटोक्यात आहे का, हे ते कलम विचारत नव्हतं.

असोसिएशनने याविरुद्ध पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने कलमातून 'किंवा अपस्मार' एवढंच काढलं. मी रोज कोड लिहितो. आमच्या भाषेत हा दोन शब्द डिलीट करण्याचा बदल. त्याला तेवीस वर्षं लागली. आत्याच्या निकालाला तोवर पाच वर्षं होऊन गेली होती.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तवा कुठी होते हे डॉक्टर?"

ते होते. मुंबईत होते, मद्रासमध्ये होते, परिषदा घेत होते, दिल्लीला अर्ज करत होते. पण रिसोडपर्यंत त्यांचं म्हणणं पोचलं नाही, आणि पोचलं असतं तरी आमचं दार आतून लावलेलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "आत्या, चूक तुझी नव्हती."

आता डबा फ्रिजवर असतो. पाहुण्यांना दिसतो.