रायगडाच्या पायथ्याशी थांबलेला पाहुणा

परदेशातून एखादे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी पाहुणे म्हणून आल्या की आम्हां धर्मगुरूंना आनंद होतो. पण त्याबरोबर थोडी धावपळही वाट्याला येते. पाहुण्यांचा पासपोर्ट पाहावा लागतो, व्हिसा कोणत्या कारणासाठी व किती दिवसांचा आहे हे तपासावे लागते, आणि पाहुणे आपल्या घरी उतरल्याची माहिती सरकारी खात्याला वेळेत कळवावी लागते. मग धर्मग्रामातील एखादे वडीलधारे हटकून विचारतात, "फादर, पूर्वी का होते असले काही? दारी आलेल्याला गूळपाणी द्यायचे, एवढेच ना?" प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो तर ते आम्हांला फार दूर नव्हे, महाड तालुक्यातच, रायगडाच्या पायथ्याच्या पाचाड गावी सापडते.

पाचाडचा मुक्काम

१६७४ साल. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालली होती. मुंबईचे इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए यांना शिवाजी महाराजांशी तह करावयाचा होता. इंग्रजांची राजापूरची वखार मराठ्यांनी लुटली होती. तिची भरपाई आणि महाराजांच्या मुलखात निर्वेध व्यापार, या दोन गोष्टी त्यांना हव्या होत्या. परंतु कोणी उठून थेट गडावर गेला नाही. आधी नारायण शेणवी हा दुभाषा वाट मोकळी करण्यासाठी रायगडी आला. त्या वेळी महाराजांच्या राणी काशीबाई निवर्तल्या होत्या. दुखवटा संपेपर्यंत त्याला थांबावे लागले. निराजी पंडितांच्या मध्यस्थीने बोलणी झाली, आणि मग मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील नजराणे घेऊन मुंबईहून गलबताने निघाला.

त्याच्या प्रवासाची पहिली रात्र आम्हां कॅथलिकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. मंडळी चौलला पोहोचली तेव्हा रात्र झाली होती. पोर्तुगीज चौलच्या वेशीचे दरवाजे बंद झाले होते आणि पहारा बसला होता. इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात त्या काळी वैर नव्हते. उलट मुंबई बेट पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नातूनच इंग्रजांकडे आले होते. तरीही दरवाजा उघडला नाही. ती रात्र त्यांनी शहराबाहेरच्या वस्तीत, संत सेबॅस्टियनच्या लहानशा देवळात काढली. पाहुणे प्रॉटेस्टंट, देऊळ कॅथलिक. पण छप्पर त्या देवळाचेच मिळाले.

पुढे नदीमार्गे अष्टमी, तेथून निजामपूर, असे करीत मंडळी पाचाडला आली. तेथे कळले की महाराज गडावर नाहीत. ते प्रतापगडावर भवानीदेवीच्या दर्शनाला गेले आहेत. सव्वा मण सोन्याचे छत्र देवीला वाहावयाचे होते. आज महाडहून पोलादपूर आणि पोलादपुराहून आंबेनळी घाटाने प्रतापगड, हा प्रवास एसटीने सकाळच्या सकाळी उरकतो. त्या काळी राजाच्या वाटेकडे डोळे लावून पायथ्याशी थांबणे, एवढेच पाहुण्याच्या हाती होते. महाराज परतले, वर येण्याची आज्ञा झाली, तेव्हाच इंग्रज वकील रायगड चढला. भेटीत महाराजांनी अभय दिले आणि आपल्या मुलखात बिनघोर व्यापार करावा असे सांगितले. राहण्यासाठी गडावर जागाही दिली.

या मुक्कामातील एक छोटी हकीकत कंपनीचे डॉक्टर जॉन फ्रायर यांनी नोंदवून ठेवली आहे. गडाखाली एक म्हातारा खाटीक होता. इंग्रजांसाठी त्याच्याकडून मांस येई. इतक्या वर्षांत जेवढे मांस खपले नाही तेवढे या थोड्या दिवसांत खाणारी माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी तो म्हातारा एवढा गड चढून वर आला! पाहुणा परका होता, त्याचे अन्न वेगळे होते. पण त्याच्याविषयी लोकांच्या मनात द्वेष नव्हता, कुतूहल होते.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी, म्हणजे इंग्रजांच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे ६ जून १६७४ रोजी, राज्याभिषेक झाला. ऑक्झिंडेन दरबारात गेला. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांनी त्यांना सिंहासनाजवळ बोलावून मानाची वस्त्रे दिली. त्यानंतरच्या आठवड्यात तहाला मंजुरी मिळाली. इंग्रजांनी वीस कलमे मागितली होती. व्यापाराची, वखारींची मुभा मिळाली. मालावर शेकडा अडीच जकात ठरली. परंतु महाराजांनी दोन कलमे मान्य केली नाहीत. इंग्रजांचे नाणे आपल्या मुलखात चालावे, हे कलम त्यांना अनावश्यक वाटले. कारण कोणतेही नाणे चालण्यास मनाई नव्हतीच. आणि वादळाने किनाऱ्याला लागलेली फुटकी गलबते व माल परत मिळावा, ही मागणी कोकणच्या रिवाजाविरुद्ध होती म्हणून नाकारली गेली.

आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. कोण येतो, कशासाठी येतो, कोण त्याची ओळख देतो, किती सवलत मागतो, हे सारे पाचाडला विचारले गेले. आजच्या व्हिसाच्या अर्जातले प्रश्न याहून फारसे निराळे नाहीत. दरवाजा उघडला, मान दिला. पण घराचा नियम पाहुण्यासाठी मोडला नाही.

किल्ली हातची गेली

सावित्री नदी महाडवरून वाहत जाऊन बाणकोटला समुद्राला मिळते. महाड हे त्या खाडीवरचे जुने बंदर. १७५५ साली इंग्रजांनी आंग्र्यांकडून बाणकोट घेतले आणि किल्ल्याला व्हिक्टोरिया हे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १७५६ साली, पेशव्यांशी तह होऊन ते ठाणे त्यांना कायमचे मिळाले. त्याच तहात आणखी एक कलम होते: डच व्यापाऱ्यांना मराठी मुलखात व्यापारासाठी येऊ द्यावयाचे नाही. म्हणजे घर मराठ्यांचे, परंतु कोणत्या पाहुण्याला बंदी घालावी हे आता दुसरा पाहुणा सांगू लागला.

त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे दुसरे बाजीराव यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरले आणि काही काळ महाडात राहिले. ज्या रायगडाच्या पायथ्याशी इंग्रज वकील राजाच्या आज्ञेची वाट पाहत थांबला होता, त्याच परिसरात मराठी राज्याचा पंतप्रधान इंग्रजांच्या साहाय्याची वाट पाहत बसला. पुढे इंग्रजांच्या जहाजातून ते वसईला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईच्या तहावर सही केली. इंग्रजांशी युद्ध करणाऱ्या युरोपीय राष्ट्राचा कोणी माणूस इंग्रजांचे वाईट चिंतीत असेल तर पेशव्यांनी त्याला आपल्या चाकरीत व मुलखात ठेवू नये, असे या तहात ठरले. दाराची किल्ली उरलीसुरली तीही गेली. १८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांनी घेतला. महाबळेश्वरचे थंड हवेचे ठाणे वसल्यावर साहेब मंडळी बाणकोटच्या खाडीतून महाडला, तेथून पोलादपूर व पार घाटाने वर जाऊ लागली. पाचाडला त्यांना थांबवून नावगाव विचारणारे आता कोणी राहिले नव्हते.

आमच्या घरचे परवाने

दुसऱ्यांचा इतिहास सांगताना आपलाही सांगावा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक गलबताला आपला परवाना सक्तीचा केला. त्याला 'कार्ताझ' म्हणत. तो नसेल तर माल जप्त होई. या परवान्यांवर येशू व मरियामाता यांची चित्रे असत, अशी तक्रार अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायूनी याने नोंदवली आहे. मक्केला निघालेल्या मुसलमान यात्रेकरूने तो कागद कोणत्या मनाने हाती घेतला असेल? प्रभूचे चित्र दहशतीच्या कागदावर उमटावे, याचे आम्हांला आजही वाईट वाटते.

हीच सक्ती धर्मगुरूंनाही चुकली नाही. पाद्रोआदोच्या व्यवस्थेनुसार पूर्वेकडे जाणाऱ्या मिशनऱ्याने पोर्तुगालच्या राजाची अनुमती घेऊन लिस्बनहून निघावे, असा नियम होता. १६२२ साली रोममध्ये प्रोपागांडा हे धर्मप्रसाराचे खाते स्थापन झाले आणि पोपमहोदयांनी पाठवलेले मिशनरी दुसऱ्या वाटांनी येऊ लागले, तेव्हा दोन अधिकारांत शतकानुशतके तंटा चालला. १७२० साली इंग्रजांनी मुंबईतील पोर्तुगीज धर्मगुरूंना घालवून कार्मेलाईट धर्मगुरूंच्या हाती देवळे दिली. भाविक तेच, वेदी तीच. पण मिस्सा कोणी करावा हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर ठरले.

पहिल्या महायुद्धात याचाच कडू अनुभव पुन्हा आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुण्याचे मिशन जर्मन येशूसंघीयांच्या हाती होते. १८६९ साली सुरू झालेले मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांच्याच श्रमाचे फळ. १९१४ साली युद्ध पेटले आणि आयुष्य येथे घालवलेली ही माणसे एका दिवसात 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरली. काहींना अहमदनगरच्या छावणीत ठेवले, पुष्कळांना मायदेशी पाठवले. येशूसंघीय आर्चबिशप हर्मन युर्गन्स, तेही जर्मनच, १९१६ साली निवर्तले. त्यांच्या जागी इंग्रज येशूसंघीय ऑल्बन गुडियर यांची नेमणूक व्हावयास १९१९ साल उजाडले. मराठी शिकून मराठीत पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू कागदावर मात्र जर्मनच राहिला होता.

पासपोर्टचे युग

आज आपण पाहतो तो छोट्या पुस्तकासारखा पासपोर्ट मुख्यतः त्या युद्धाचेच अपत्य आहे. युद्धापूर्वी युरोपातील पुष्कळ देशांत त्यावाचून ये-जा होत असे. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरून त्याचा नमुना ठरला, आणि त्याच साली हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. पुढे १९३९ साली परकीयांच्या नोंदणीचा आणि १९४६ साली परकीयांविषयीचा कायदा आला. ब्रिटिश काळातील हे कायदे स्वतंत्र भारतात दीर्घकाळ चालले. २०२५ साली संसदेने त्यांच्या जागी एकच नवा कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो अमलात आला.

सामान्य कुटुंबाने यातील दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परदेशी पाहुणा ज्या कारणासाठी व्हिसा घेऊन आला, तेच त्याने करावे. पर्यटक म्हणून आलेल्याने रविवारी मिस्साला यावे; परंतु धर्मप्रचाराच्या कामाला लागू नये, त्यासाठी मिशनरी व्हिसाचा वर्ग निराळा आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना सर्वसाधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पाहुणा उतरवून घेणाऱ्यानेही माहिती देण्यात हयगय करू नये. हा जाच आहे असे वाटले तर पाचाड आठवावे. ज्या देशाला दारात प्रश्न विचारता येतो, तो देश स्वतंत्र असतो. बाजीरावांना तो विचारता येत नव्हता.

दोन कर्तव्ये

तथापि गोष्ट येथेच संपवली तर ती अर्धीच राहील. महाडला बसून वेशीचा विचार करताना चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्य मानलेल्या बांधवांना तेथे पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. निवाड्यासाठी पुढे १९३७ पर्यंत न्यायालयात झगडावे लागले. सातासमुद्रापलीकडचा वकील रायगडावर मानाची वस्त्रे लेवून गेला, आणि त्याच तालुक्यातल्या भूमिपुत्राला अडीचशे वर्षांनी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तेथे तर घरच्यालाच परके केले होते. अशा वेशी आपल्या ख्रिस्ती समाजातही, देवळातल्या बाकांवरही कधी काळी होत्या, हे आपण नाकारू नये.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात ख्रिस्तसभेची शिकवण समतोलपणे मांडली आहे. ज्यांची ऐपत आहे त्या राष्ट्रांनी सुरक्षिततेच्या व उपजीविकेच्या शोधात आलेल्या परक्याला शक्य तितके सामावून घ्यावे. शासनाला सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालता येतात. आणि आलेल्यानेही त्या देशाचे कायदे व वारसा यांचा आदर राखावा. अब्राहामने तंबूच्या दारात तीन अनोळखी वाटसरूंना बसवून जेवू घातले. बाळ येशूला घेऊन योसेफ व मरिया रातोरात मिसर देशात परके म्हणून राहिली. या दोन्ही कथा आपण लेकरांना सांगतो. आज आपलीच लेकरे आखातात, युरोपात, कॅनडात जाण्यासाठी व्हिसाच्या रांगेत उभी असतात. त्या रांगेत त्यांना जो सन्मान मिळावा असे आईबापांना वाटते, तोच सन्मान आपल्या दारी आलेल्याला मिळावा.

म्हणून त्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगतो: पूर्वीही होते, बाबा. रायगडाच्या पायथ्याशी पाहुण्याला थांबवून नावगाव विचारले गेले आणि नंतर त्याला मानाने वर नेले. चौलला दरवाजा बंद झाला, तरी वेशीबाहेर संत सेबॅस्टियनच्या देवळात निवारा मिळाला. कागद तपासावयाचे काम शासनाचे आहे, ते त्याने करावे, आपण त्यात खरेपणाने साहाय्य करावे. ते देऊळ उघडे ठेवणे मात्र आपले काम आहे. ते दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.