काचेची कातडी

मागच्या शनिवारी सकाळी उत्साहाच्या भरात घोळ केला. इथे सिॲटलला गॅरेजमधे चार महिने वीकेंड घालवून प्लायवूडची कयाक बांधतोय. तिच्या तळाला फायबरग्लासचं कापड चढवलं, आणि दुपारपर्यंत त्याखाली शेकडो बारीक फोड! मग हात चालेना म्हणून इतिहास वाचत बसलो. (कोड चालत नसलं की हेच करतो.)

कयाक मूळची आर्क्टिकमधल्या लोकांची. ग्रीनलंडमधे सांगाडा पुरुष बांधायचे, तोही समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाचा. त्यावर सीलचं कातडं शिवायच्या बायका. कातडं ओलं असतानाच ताणून शिवायचं. वाळलं की ढोलासारखं घट्ट. टाका आरपार न्यायचा नाही, कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच काढायचा, म्हणजे भोकातून पाणी शिरत नाही. एक टाका चुकला तर गोठत्या पाण्यात नवरा गेलाच. कौतुक मात्र सगळं शिकाऱ्याचं. असो.

काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणात काढायची रीत अपघातानं सापडली. 1932 साली अमेरिकेत ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट काचेच्या विटा जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि बारीक तंतू उडाले. 1938 मधे ओवेन्स-कॉर्निंग कंपनी निघाली, आणि 1942 च्या सुमारास ओहायोत रे ग्रीननं काच आणि रेझिनची बोट केली.

पण माझ्यासारख्या हौशी माणसाला बोट बांधता येते ती केन लिटलडाइक या ब्रिटिश शिक्षकामुळे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं प्लायवूडच्या फळ्या चक्क तांब्याच्या तारेनं शिवल्या आणि सांध्यांवर काचेची पट्टी रेझिननं चिकटवली. 1963 मधे याच पद्धतीची मिरर डिंगी आली आणि लोकांनी ती हजारोंनी घरी बांधली. म्हणजे शिवण परत आली!

फरक एकच, पण मोठा. कातडं ताणायचं असतं, काचेचं कापड ताणायचं नसतं. एका टोकाला ओढलं की दुसरीकडे सुरकुती हजर. कोरडंच अंथरावं, मधून कडांकडे तळहात फिरवावा. विणीतले उभे-आडवे धागे तिरके होत वळणावर आपोआप बसतात. नाकाशी मात्र कात्री लावावीच लागते. इपॉक्सी मधोमध ओतून स्क्वीजीनं कडांकडे न्यायचं. जास्त झालं तर कापड तरंगतं, फार निपटलं तर पांढरे डाग राहतात.

हे सगळं मी केलं होतं. मग फोड का? तर, ऊन चढत होतं. लाकूड तापलं, छिद्रांतली हवा फुगली आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे सोडत बसली. म्हणून हे काम तापमान उतरताना करायचं, लाकूड हवा आत ओढतं तेव्हा. मॅन्युअलमधे लिहिलं होतं. वाचतो कोण?

काल संध्याकाळी सातला डेकवर कापड टाकलं. काचेचा आणि इपॉक्सीचा अपवर्तनांक जवळपास सारखा, त्यामुळे भिजताच पांढरं कापड दिसेनासं झालं आणि खालच्या लाकडाच्या रेषा वर आल्या. एकही फोड नाही. बायको म्हणाली, "कापड लावलंयस ना नक्की?"

तळाचे फोड अजून आहेतच. उद्या मास्क आणि सँडपेपर.