झिजलेल्या भांड्याचा वंश

फेको पद्धतीनं मोतीबिंदू काढणारी सुई, दातांवरचं कीटण काढणारं दंतवैद्याचं यंत्र आणि जेट इंजिनाच्या सिरॅमिक कंपोझिटला भोकं पाडणारं हत्यार ही वेगवान कंपनांनी काम करणारी सख्खी भावंडं आहेत. त्यांचा मूळपुरुष अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ लुईस बालामुथ, असं माझं ठाम मत आहे.

पुष्कळ जण ही वंशावळ १९२७पासून मोजतात. त्या वर्षी वूड आणि लूमिस या संशोधकांनी न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. क्वार्ट्‌झच्या तबकडीनं थरथरणाऱ्या तेलात बारीक ओढलेली काचेची कांडी धरली आणि टोक लाकडाला टेकवलं, की धूर निघे. काचेच्या पट्टीतून तर ते आरपार जाई. भुकटी आणि वितळलेल्या काचेचे बारीक गोळे बाहेर पडत. पुरावा भक्कम वाटतो, पण ते गोळेच त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. तिथं घर्षणाची उष्णता काम करत होती. कठीण, ठिसूळ पदार्थ न वितळवता कणाकणानं फोडत जाणं ही या तंत्राची खरी खूण.

ती सापडते बालामुथकडे. कंपनांनी घासणारी पूड आणखी बारीक करता येते का, हे तो पाहत होता. द्रवात पूड कालवलेली, त्यात थरथरणारं टोक. ते भांड्याच्या पृष्ठभागाजवळ नेलं, तेव्हा भांडंच झिजू लागलं आणि पडलेला खळगा हुबेहूब टोकाच्या आकाराचा निघाला! म्हणजे टोक चौकोनी घडवा, भोक चौकोनी पडेल. साध्या ड्रिलला हे जमत नाही. टोक स्वतः काहीच कापत नाही. सेकंदाला सुमारे २०,००० वेळा, मिलिमीटरच्या काही शतांशांएवढं हलून ते कणांना ठोकतं आणि कण जॉबवर, म्हणजे घडवायच्या वस्तूवर, सूक्ष्म तडे पाडतात. एरवी कारागिराला छळणारा ठिसूळपणा इथं त्याच्या कामी येतो, आणि टोकाला मऊ पोलादही चालतं.

वूड-लूमिसच्या निमुळत्या कांडीत कंपन टोकाशी एकवटतं, ही युक्ती आजच्या यंत्रांच्या ‘हॉर्न’मध्ये आहे. बालामुथनं त्यांचं लेखन वाचलंही असेल. तेव्हा त्यांना आजोळाचा मान द्यावा, घराणं बालामुथचंच.

१९५०च्या दशकात हेच यंत्र पुडीसकट दात कोरायला वापरून पाहिलं गेलं. वेगवान एअर टर्बाइनपुढे ते टिकलं नाही. पण पूड वगळून कीटण काढायला मात्र टिकलं. तेच पुढे डोळ्यांचा डॉक्टर चार्ल्स केलमन यानं दंतवैद्याच्या खुर्चीत अनुभवलं आणि त्याला डोळ्यातलं भिंग फोडायची वाट दिसली. १९६७ साली फेको जन्मली.

कारखान्यातली शाखा अडली होती खोल भोकांपाशी, कारण तिथवर स्लरी, म्हणजे पूड कालवलेला द्रव, नीट पोचत नसे. १९६४च्या सुमारास ब्रिटनच्या हार्वेल अणुसंशोधन केंद्रात पर्सी लेग यानं हिऱ्याचे कण हत्यारावरच बसवले आणि जॉब फिरवला. सुटे कण गेले, तिथं बालामुथचा वंश संपला, असा आक्षेप येतो. मला तो मान्य नाही: कण हत्याराला चिकटला, तरी त्याचं ठोकणं चालूच आहे. सिलिकॉन कार्बाइडचे तंतू आणि त्याच पदार्थाची भरणी असलेल्या कंपोझिटमध्ये हे स्पष्ट दिसतं. नुसतं घासत गेलं, तर दाब वाढतो, हत्यार बाहेर पडतं त्या कडेला थर सुटतात आणि तंतू उपटले जातात. कंपन दिलं की हत्यार क्षणोक्षणी जॉबपासून सुटतं, कूलंट आत शिरतो, भुकटी धुऊन जाते, दाब उतरतो आणि ती कड बरीच शाबूत राहते.