फॅशन स्ट्रीटच्या पोरांसाठी उघडलेलं दार

मुंबईत रग्बी रंगते ती पावसाळ्यात. टॅकल झाला की गडी जमिनीवर आदळतो. उन्हाळ्यात दगड झालेल्या मैदानापेक्षा चिखल परवडतो. आझाद मैदानावर कांगा लीगचं क्रिकेट पावसाशी झगडत असतं, तेव्हा त्याच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखान्यावर पंधरा-पंधरा जण लंबगोल चेंडूसाठी एकमेकांवर तुटून पडतात.

मी साकीनाक्याच्या शाळेत पीटी शिकवतो, पिंड कबड्डीचा. टॅकल पहिल्यांदा नीट पाहिला आणि पकडच आठवली. खांदा मांडीला भिडवायचा, दोन्ही हातांनी पाय आवळायचे, डोकं मात्र गड्याच्या मागच्या अंगाला ठेवायचं, नाहीतर गुडघा तोंडावर बसतो. हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही, फक्त दाखवावं लागतं.

जिमखाना १८७५चा, साहेबांचा. भारतातली पहिली क्रिकेट कसोटी १९३३ साली इथेच झाली, लाला अमरनाथांनी इथेच शतक ठोकलं, तरी भारतीयाला सभासदत्व नव्हतं. रग्बीही त्याच कुंपणात वाढली. १९२४ साली अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली, पण खेळणारे बहुतेक पलटणीतले आणि कंपन्यांतले गोरे. अशा क्लबाचं काय होतं, ते कलकत्त्याने आधीच दाखवलं होतं. तिथला १८७३चा, रग्बी खेळणारा फुटबॉल क्लब माणसं पांगल्यावर पाच वर्षांत मिटला. खात्यातले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी नागाच्या मुठींचा, झाकणावर हत्ती असलेला करंडक घडवला आणि इंग्लंडला दिला. इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी भिडतात. करंडक अमर झाला, क्लब गेला.

मुंबईत तसं झालं नाही. साहेब गेल्यावर भारतीय सभासदांनी खेळ चालू ठेवला. अभिनेता राहुल बोस जिमखान्यावरच घडला आणि १९९८ साली भारताचा पहिला राष्ट्रीय संघ उतरला, तेव्हा त्यात होता. पण माझ्या लेखी खरा पालट झाला तो समोरच्या फुटपाथवरून. मॅथ्यू स्पेसी हा इंग्रज तिथे सराव करायचा आणि फॅशन स्ट्रीटची पोरं रस्त्यावरून बघत राहायची. त्याने त्यांना आत बोलावलं. त्यातून १९९९ साली ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. शतकभर जे दार सभासदाचं कार्ड बघून उघडत होतं, ते निव्वळ खेळायची हौस बघून उघडलं. या खेळाच्या मुंबईतल्या इतिहासात याहून मोठी तारीख मला दिसत नाही.

पुढे पुण्याची वाहबिझ भरुचा देशाची कर्णधार झाली. २०१९ साली भारतीय मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधराच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. आणि जून २०२५मध्ये रग्बी प्रीमियर लीग थेट अंधेरीच्या क्रीडा संकुलात आली. साकीनाक्याहून मेट्रोत बसलं की आझाद नगरला उतरायचं, एवढ्या अंतरावर! विजेतेपद चेन्नईने नेलं; बघायला आलेल्या आमच्या शाळेतल्या पोरी मात्र सामना संपल्यावरही जागच्या हलेनात.

आता या पोरी शाळेच्या फरशीवर टच रग्बी खेळतात, म्हणजे फक्त हात लावून गडी अडवायचा. टॅकल शिकवायला माती लागते आणि खैरानी रोडच्या गाळ्यांमध्ये ती उरलेली नाही. जिमखान्याच्या दाराची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा सातवीतल्या एकीने विचारलं, “सर, आपल्याला रविवारी तिथे सोडतील का?” मी अर्ज लिहायला घेतला आहे.