कापलेला, पण न भरलेला फंड

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये पगारातली कपात फार जुनी. पण १९३६ पर्यंत कापलेला पैसा बहुतेक मालकाच्याच गल्ल्यात जात असे. कामावर उशिरा आल्याचा दंड, खाड्याचा दंड, हत्यार मोडल्याची भरपाई अशी त्याची नाना रूपे होती. विणकराच्या हातून कापड बिघडले तर ते कापडच त्याच्या गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करून घेण्याची रीत सर्रास होती. बिघाड सुताचा, मागाचा की माणसाचा, हे ठरवणारा गिरणीचाच नोकर असे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या लेबर ऑफिसने या दंडांची आणि कपातींची स्वतंत्र पाहणी केली. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढेही बिघडलेल्या कापडाचा प्रश्न आला. पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला. त्या आयोगावर ना. म. जोशी सदस्य होते. अहवालातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा निघाला.

या कायद्याने पगाराची तारीख बांधून दिली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यायचा. कोणत्या कारणासाठी कपात करता येईल, त्याची यादीही कायद्यात आली. दंडाची रक्कम नोंदवहीत लिहायची आणि कामगारांच्या हिताच्या कामासाठीच वापरायची, हे कलम त्यात विशेष महत्त्वाचे होते. कापलेला पैसा कापणाऱ्याचा नव्हे, हे तत्त्व गिरणी कामगारांपुरते तरी प्रथम इथे कागदावर आले. मुंबई राज्याने १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा करून ते पुढे नेले. दंडाबरोबरच, तीन वर्षांत कोणी न नेलेला पगारही या निधीत जमा करावा असे त्यात होते. त्याविरुद्ध एक गिरणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न नेलेल्या पगाराची तरतूद न्यायालयाने रद्द ठरवली. कायद्यात दुरुस्ती करून ती नंतर पुन्हा आणावी लागली.

भविष्य निर्वाह निधीची गोष्ट याच्या शेजारून चालते. सरकारी आणि रेल्वे नोकरांच्या फंडाला १९२५ च्या कायद्याने संरक्षण दिले होते. खासगी कंपन्यांत फंड असलाच तर तो मालकाच्या मर्जीचा. त्याचा पैसा धंद्यातच फिरे आणि कंपनी बुडाली की कामगार इतर सावकारांच्या रांगेत उभा राही. १९३६ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा पैसा धंद्यात न वापरता सुरक्षित ठिकाणी गुंतवण्याचे बंधन आले. मात्र ते कंपन्यांपुरतेच होते आणि फंड काढण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

ही सक्ती १५ नोव्हेंबर १९५१ च्या वटहुकमाने आली. १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, अभियांत्रिकी, कागद आणि सिगारेट हे सहा उद्योग त्याच्या कक्षेत होते. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना तो लागू झाला. वर्गणी पगाराच्या सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा. तेवढीच भर मालकाची. एका आण्याचा हिशेब कोणालाही तोंडी करता येण्यासारखा होता. योजनेनुसार दोन्ही हिस्से आधी मालकाने भरायचे आणि कामगाराचा हिस्सा त्याच्या पगारातून वसूल करायचा. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. मालकाचा स्वतःचा हिस्सा कामगाराच्या माथी मारायला बंदी होती, आणि कामगाराचा हिस्सा वेळेवर कापायचा राहून गेला तर तो मागाहून मनास येईल तेव्हा कापता येत नसे.

व्यवहारात मात्र पगार सातला किंवा दहाला होई, कपात त्याच दिवशी पगारपत्रकावर चढे आणि पैसे पंधरापर्यंत मालकाच्या हातात राहत. मंदीच्या महिन्यात, कापूस खरेदीच्या हंगामात किंवा बँकेने हात आखडता घेतला की हे पैसे वापरून टाकण्याचा मोह होई. बँकेला तारण लागते, व्याज लागते. फंडाला दोन्ही लागत नव्हते. पहिल्या वीस वर्षांतली थकबाकी समजून घ्यायची तर मालकाच्या दुष्टपणापेक्षा या हिशेबाकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. १९५३ मध्ये कायद्यात १४-ब हे कलम घालून थकवणाऱ्यावर नुकसानभरपाई लावण्याची सोय झाली, पण तिची कमाल मर्यादा थकबाकीच्या पंचवीस टक्के होती. दोन महिने थकवा की चार वर्षे, भुर्दंड त्यापुढे जात नसे. चार वर्षांवर वाटला तर तो वर्षाला सव्वासहा टक्केच पडतो. इतक्या स्वस्तात दुसरे कर्ज कोण देणार?

वसुलीची वाटही लांबची होती. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करायची, म्हणजे फंडाच्या कार्यालयाने दाखला द्यायचा आणि जिल्हाधिकाऱ्याच्या यंत्रणेने जप्ती आणायची. मामलेदार कचेरीला सारा, तगाई यांची स्वतःची वसुली होतीच. त्यात फंडाचे दाखले परक्याचे काम म्हणून मागे पडत. फंडाला स्वतःचे वसुली अधिकारी मिळाले ते १९८८ च्या दुरुस्तीने.

दरम्यान कामगार निवृत्त होत होते, मरत होते. मालकाने पगारातून कापलेले पैसे भरलेच नसतील तर खात्यावर ते दिसणार कुठून? ही अडचण ओळखून १९६० मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने विशेष राखीव निधी काढला. नोकरी सोडलेल्या सदस्याला किंवा मृताच्या वारसांना, मालकाने न भरलेली रक्कम या निधीतून द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करत बसायचे, अशी ती योजना. थकबाकीचा भार कामगारावर पडू नये हे संघटनेने स्वतःहून मान्य केल्याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. दुर्दैवाने हा मार्ग कायद्यातला हक्क बनला नाही, संघटनेने दिलेला दिलासा एवढेच त्याचे रूप राहिले.

कायद्याची भाषा बदलली ती पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगानंतर. माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर त्याचे अध्यक्ष होते. १९६९ च्या अहवालात आयोगाने थकबाकीची वाढ रोखण्यासाठी शिक्षा कडक कराव्यात आणि हा गुन्हा दखलपात्र करावा अशी शिफारस केली. त्यानुसार १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पंचवीस टक्क्यांची मर्यादा उठून भरपाई थकबाकीइतकी, म्हणजे शंभर टक्क्यांपर्यंत गेली. कामगाराच्या पगारातून कापलेल्या रकमेचा मालकाच्या मालमत्तेवर पहिला बोजा ठरला. त्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ ला एक स्पष्टीकरण जोडले. कामगाराची वर्गणी पगारातून कापणाऱ्या मालकाकडे ती रक्कम विश्वासाने सोपवली आहे असे समजावे आणि ती भरली नाही तर त्याने तिचा अप्रामाणिकपणे वापर केला असे समजावे, असा त्याचा आशय. या स्पष्टीकरणाने मालक कर्जदार राहिला नाही, तो ठेव सांभाळणारा झाला. कर्ज बुडवणे ही दिवाणी बाब, ठेव खाणे हा फौजदारीपात्र न्यासभंग. १९७५ मध्ये कर्मचारी राज्य विमा योजनेच्या वर्गणीलाही हेच लागू झाले. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ खाली ही दोन्ही स्पष्टीकरणे कायम आहेत.

शंभर टक्क्यांपर्यंतच्या भरपाईला मालकांनी आव्हान दिले. ऑर्गेनो केमिकल प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १४-ब वैध ठरवले. ही भरपाई केवळ व्याजाची बेरीज नव्हे, थकवण्याला आळा घालणे हाही तिचा हेतू आहे, हे त्या निकालाने पक्के झाले. थकीत रकमेवर सालीना बारा टक्के व्याजाचे कलम १९९७ मध्ये अमलात आले, म्हणजे सक्तीच्या फंडाला पंचेचाळीस वर्षे होत आल्यावर.

मधल्या काळात गिरणगावाची घडी विस्कटली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपानंतर अनेक गिरण्या धड चालूही नव्हत्या आणि कायदेशीर अर्थाने बंदही नव्हत्या. अशा गिरणीत फंडाचे काय झाले हे कामगाराला कळण्याचा मार्ग म्हणजे वर्षातून एकदा येणारी फंडाची स्लिप. ती कार्यालयातून थेट कामगाराच्या घरी येत नसे. मालकाकडे येई आणि मालकाने ती वाटायची असे. ज्याने पैसे थकवले त्याच्याच हातून थकबाकीचा पुरावा मिळायचा, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष म्हणता येईल. शिवाय काही मोठ्या आस्थापनांना सूट घेऊन स्वतःचा फंड न्यास चालवता येत असे. तिथे तर हिशेबाचे सगळे कागद मालकाच्याच इमारतीत.

पगाराच्या एकाच स्लिपवरच्या कपाती कायद्याने वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळल्या आहेत, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. प्राप्तिकर मालकाने कापला असेल तर १९६१ च्या कायद्याच्या कलम २०५ नुसार तो पुन्हा कर्मचाऱ्याकडे मागता येत नाही. मालकाने तो सरकारजमा केला की नाही, याचा संबंध नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हेच सांगितले. कर खात्याने मालकाच्या मागे लागावे, कर्मचाऱ्याच्या नव्हे. तरीही भरणा न झालेल्या कराचे श्रेय संगणक देत नसल्याने नोटिसा येत राहिल्या आणि २०१५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला आपल्याच अधिकाऱ्यांना या कलमाची आठवण करून द्यावी लागली. महाराष्ट्रात १९७५ पासून असलेला, रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी सुरू झालेला व्यवसाय कर तर मालकाने पगारातून कापला नसला तरी त्यालाच भरावा लागतो. राज्य विम्यात मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा लाभ हुकला किंवा घटला, तर महामंडळ तो देऊन मालकाकडून वसूल करू शकते. फंडाच्या बाबतीत मात्र रक्कम खात्यावर चढते ती प्रत्यक्ष भरणा झाल्यावर. सरकारने स्वतःच्या कराची जोखीम कर्मचाऱ्यावर टाकली नाही. म्हातारपणाच्या पुंजीची जोखीम मात्र बऱ्याच अंशी त्याच्यावरच राहिली.

ती कमी करण्याचे काम पहिल्या बोज्याने केले. १९८८ मध्ये हा बोजा मालकाच्या हिश्श्यालाही लागू झाला. त्याची खरी कसोटी महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांत लागली. कारखाना बँकेकडून उचल घेतो ती गोदामातल्या साखरेच्या पोत्यांवर. पोती कारखान्याच्या आवारातच असतात, पण ताबा बँकेचा असतो. हंगाम फसला, कर्ज थकले आणि कामगारांचा फंडही थकला, तर त्या पोत्यांवर हक्क कोणाचा? फंडाच्या अधिकाऱ्यांनी अशी तारण साखर जप्त केली तेव्हा महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने हरकत घेतली. माल आमच्या ताब्यात आहे, आमचे तारण आधीचे आहे, असे तिचे म्हणणे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फंडाच्या बाजूने दिला. फंडाची देणी, त्यावरचे व्याज आणि भरपाई ही बँकेच्या तारणाच्याही आधी येतात. हा निकाल कामगारांइतकाच बँकांनी वाचला असणार. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने याहून पुढचे पाऊल टाकले. फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतली कामगारांची देणी कंपनीच्या विक्रीयोग्य मालमत्तेत धरूच नयेत, असे तिने सांगितले.

स्लिपचा दोष दूर झाला तो तंत्रज्ञानाने. २०१२ पासून मालकांना दरमहा प्रत्येक कामगाराच्या नावानिशी विवरण ऑनलाइन भरावे लागू लागले. २०१४ मध्ये प्रत्येक सदस्याला कायमचा सार्वत्रिक खाते क्रमांक मिळाला. पासबुक मोबाइलवर दिसू लागले आणि भरणा न झालेला महिना वर्षभर वाट न पाहता ओळखता येऊ लागला. कंत्राटी कामगारांसाठी याचे मोल जास्त. कंत्राटदाराने फंड थकवला तर कायद्याने मूळ मालक जबाबदार असतो. पण थकला आहे हे वेळीच कळले तरच त्या जबाबदारीचा उपयोग.

आज कपात होऊनही भरणा होत नसेल तर वाट अशी आहे. पगाराची स्लिप, बँकेतल्या जमेची नोंद आणि पासबुक हे पुरावे जपायचे. त्यातही स्लिप मुख्य, कारण विश्वासाने सोपवलेल्या रकमेचा मुद्दा कपात झाल्याच्या पुराव्यावर उभा राहतो. तक्रार प्रादेशिक भविष्य निर्वाह निधी आयुक्तांकडे द्यायची, लेखी किंवा संघटनेच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेतून. चौकशीत अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात आणि तो मस्टर, पगारपत्रके, जमाखर्च मागवून रक्कम निश्चित करतो. फंडाच्या १९५२ च्या कायद्याखालचा खटला कामगाराला स्वतः दाखल करता येत नसे, त्यासाठी निरीक्षकाचा अहवाल आणि वरिष्ठांची मंजुरी लागे. कापलेली रक्कम न भरल्यास त्या कायद्यात किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद होती. न्यासभंगाची तक्रार पोलिसांत देता येते. तिथेही फंडाच्या निरीक्षकाच्या फिर्यादीला वजन जास्त, म्हणून आयुक्तांकडे तक्रार आधी गेलेली बरी.

उशीर मात्र परवडत नाही. १९५२ च्या कायद्यात चौकशी सुरू करण्याला कालमर्यादा नव्हती आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची थकबाकीही उकरून काढता येत असे. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पाच वर्षांची केली आहे.